राधानगरी तालुक्यातील घरगुती दूरसंचार : दूरध्वनी, केबल व इंटरनेट फोन यांतील निवडीचा इतिहास

प्रस्तावना :

भारतातील दूरसंचाराचा इतिहास बहुधा महानगरांच्या अंगाने लिहिला गेला आहे. १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे सुरू झालेली एक्सचेंज, ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झालेला पहिला मोबाइल संवाद, सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेली रिलायन्स जिओची सेवा हे त्या इतिहासाचे ठरलेले टप्पे होत. या टप्प्यांमध्ये सामान्य कुटुंबाने कोणती सेवा घेतली, कोणती सोडली व का सोडली, हा प्रश्न ‘ग्राहकाची पसंती’ एवढ्या दोन शब्दांत आटोपला जातो. परंतु पसंती करावयाची तर समोर एकाहून अधिक पर्याय असावे लागतात. ते पर्याय कोणत्या काळात, कोणाच्या निर्णयाने व कोणत्या अटींवर उपलब्ध झाले, हे पाहिल्याशिवाय पसंतीचा अर्थ लागत नाही.

प्रस्तुत लेखात कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी या डोंगराळ तालुक्याच्या संदर्भात घरगुती दूरध्वनी, केबल दूरचित्रवाणी व इंटरनेटद्वारे होणारे संभाषण या तीन सेवांचा परस्परसंबंध तपासला आहे. घरातील लँडलाईन ठेवावी की काढावी, तिच्या जागी इंटरनेट फोन घ्यावा काय आणि केबल तोडावी काय, हे प्रश्न पाश्चात्त्य देशांतील कुटुंबांपुढे साधारणतः एकाच काळात उभे राहिले. राधानगरीत ते तसे उभे राहिले नाहीत. येथे आधी तार तुटली, इंटरनेट फोन पुढे आला आणि आता तारच नव्या रूपाने परत येत आहे. हा उलटा क्रम का घडला आणि त्यातून कुटुंबाच्या हातून काय निसटले, याचा शोध घेणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. भूरचना आणि तारेचा खर्च :

राधानगरी हे गाव मुळात शासनाच्या इच्छेने वसले. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर धरण बांधण्याची योजना हाती घेतली आणि नव्या वसाहतीस आपल्या कन्येच्या, राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब महाराज यांच्या, नावावरून राधानगरी हे नाव दिले. धरणाचे काम शाहूंच्या हयातीत पूर्ण होऊ शकले नाही. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतर, १९५० च्या दशकात ते पूर्णत्वास गेले. एखाद्या सार्वजनिक कामाचा लाभ तात्काळ मिळणाऱ्या महसुलावर न मोजता दीर्घ मुदतीच्या लोकहितावर मोजावा, ही दृष्टी या धरणामागे होती. पुढील विवेचनात ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे दोन लाख होती. राशिवडे, सरवडे, कसबा तारळे, कसबा वाळवे यांसारखी दाट वस्तीची गावे नदीकाठी व उसाच्या पट्ट्यात आहेत. याउलट दाजीपूर व फोंडा घाटाच्या बाजूस वाड्या व धनगरवाडे डोंगरउतारावर विखुरलेले आहेत. दाजीपूर परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. याच भागात सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य असून २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. वनक्षेत्रातून तार न्यावयाची किंवा मनोरा उभारावयाचा तर वन व वन्यजीव कायद्यांखालील परवानग्या लागतात.

तारेने चालणाऱ्या कोणत्याही सेवेचा खर्च दोन गोष्टींवर ठरतो : एक्सचेंजपासून घरापर्यंतचे अंतर आणि त्या अंतरात मिळणारी गिऱ्हाईके. सरवडे किंवा राशिवडे येथे एका गल्लीत अनेक जोडण्या मिळू शकतात. वाडीवर चार घरांसाठी तितकीच तार, तितकेच खांब व पावसाळ्यात तितक्याच दुरुस्त्या लागतात. तालुक्यातील कुटुंबांच्या वाट्याला आलेल्या पर्यायांतील पहिली विषमता भूरचनेने निर्माण केली.

२. ट्रंक कॉलपासून एसटीडीपर्यंत :

स्वातंत्र्यानंतरची चार दशके ग्रामीण भागात दूरध्वनी ही घरातील वस्तू नव्हती. ती टपाल कार्यालयाची, सरकारी कचेरीची, सहकारी संस्थेची किंवा एखाद्या व्यापारी पेढीची सोय होती. बाहेरगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवावा लागे. त्यातही साधा, तातडीचा व ‘लाइटनिंग’ अशा प्रती असत आणि विशिष्ट व्यक्तीच फोनवर हवी असल्यास ‘पी. पी.’ कॉल करावा लागे. कोल्हापूर जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कामगारांचा घराशी संबंध मुख्यतः पत्र, मनिऑर्डर व आणीबाणीच्या वेळी तार यांवर टिकून होता.

या परिस्थितीत बदल घडविणारे तंत्र शेजारच्याच जिल्ह्यात प्रथम वापरात आले. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ पोर्टांचे स्वयंचलित एक्सचेंज विकसित केले. त्यास वातानुकूलित खोलीची गरज नव्हती. धूळ, उष्णता व विजेची अनियमितता सहन करील अशी त्याची रचना होती. या प्रकारचे पहिले एक्सचेंज १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसविण्यात आले. अशा छोट्या एक्सचेंजमुळेच १९९० च्या दशकात देशातील तालुक्यांच्या गावांपलीकडे स्वयंचलित दूरध्वनी पोहोचू शकला. राधानगरी क्षेत्राचा एसटीडी संकेतांक ०२३२१ आणि कोल्हापूर शहराचा ०२३१. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी बोलण्यासाठीही संकेतांक लावावा लागे. दीर्घकाळ बोलण्याची जागा घर नसून एसटीडी बूथ हीच राहिली.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत मागेल त्यास दूरध्वनी व प्रत्येक गावात सार्वजनिक दूरध्वनी अशी उद्दिष्टे ठेवली. ती वेळेत साध्य झाली नाहीत. १९९९ च्या नव्या धोरणात ग्रामीण दूरध्वनी घनता शेकडा ०.४ वरून २०१० पर्यंत ४ वर नेण्याचे उद्दिष्ट आले. खासगी मूलभूत सेवा कंपन्यांवरही गावोगावी सार्वजनिक दूरध्वनी देण्याचे बंधन होते, परंतु ते अत्यल्प प्रमाणातच पाळले गेले. परिणामी ग्रामीण तारेचा भार प्रथम दूरसंचार खात्यावर व ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमवर राहिला. २००१ च्या जनगणनेत देशातील केवळ ९.१ टक्के कुटुंबांकडे दूरध्वनी होता. वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत राहून व अनामत रक्कम भरून मिळालेली जोडणी ही ग्रामीण कुटुंबाच्या प्रतिष्ठेची खूण होती. ती घेणे ही पर्यायांतील निवड म्हणता येत नाही, कारण दुसरा पर्यायच उपलब्ध नव्हता.

३. केबल आणि छत्री :

केबल दूरचित्रवाणीचा प्रसार वेगळ्या मार्गाने झाला. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या उपलब्ध होताच स्थानिक तरुणांनी छत्री उभारून, खांबांवरून आणि घरांच्या आढ्यांवरून तार ओढून हा व्यवसाय उभा केला. कायदा मागाहून आला. केबल दूरचित्रवाणी जाळे नियमन अधिनियम १९९५ चा आहे. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी व २००० मध्ये ईटीव्ही मराठी या वाहिन्या सुरू झाल्यावर मराठी प्रेक्षकाला केबल घेण्यास नवे कारण मिळाले.

दूरध्वनीची तार शासनाची होती व तिच्यामागे सार्वत्रिक सेवेची, निदान तत्त्वतः, जबाबदारी होती. केबलची तार व्यवसायाची होती. जेथे घरे जवळजवळ तेथेच ती परवडे, कारण ठरावीक अंतरावर प्रवर्धक बसवावे लागत व त्यांना वीज लागे. म्हणून केबल नदीकाठच्या गावांची सेवा ठरली. विखुरलेल्या वस्तीला उपग्रहावरून थेट घरात येणाऱ्या सेवेची वाट पाहावी लागली. २००३ मध्ये खासगी डिश सेवा व डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा सुरू झाली. हीच पुढे ‘फ्री डिश’ म्हणून ओळखली गेली. तात्पर्य, वाडीवरील कुटुंबाने केबल तोडली नाही. केबल तेथपर्यंत आलीच नव्हती.

४. इंटरनेट फोन : कायद्याने अडविलेला पर्याय :

अमेरिकेत २००० च्या दशकात ब्रॉडबँड जोडणीवर साधा फोन बसवून लँडलाईन काढून टाकण्याची पद्धत रूढ झाली. हाच पर्याय भारतीय कुटुंबाला का मिळाला नाही, याचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा परवाना पद्धतीत अधिक सापडते. १८८५ च्या तार अधिनियमाने दूरसंचाराचा अनन्य अधिकार शासनाकडे ठेवला होता. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट सेवा कंपन्यांना इंटरनेट टेलिफोनीची परवानगी मिळाली, परंतु ती मर्यादित होती. संगणकावरून संगणकावर किंवा संगणकावरून परदेशातील फोनवर बोलता येई. भारतातील साध्या दूरध्वनीवर मात्र कॉल जोडण्यास मनाई होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००८ मध्ये हे निर्बंध उठविण्याची शिफारस केली. प्रत्यक्ष मोकळीक मिळण्यास जून २०१८ उजाडले. त्यानंतर भारत संचार निगमने ‘विंग्ज’ ही ॲपवर आधारित सेवा आणली.

या निर्बंधांना एक आर्थिक बाजू होती. ग्रामीण लँडलाईनचे भाडे प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी ठेवले जाई व तूट अन्य उत्पन्नातून, विशेषतः दूरच्या व परदेशी कॉलच्या दरांतून, भरून काढली जाई. २००३ पासून त्यासाठी इतर कंपन्यांकडून ‘ॲक्सेस डेफिसिट’ आकार घेतला जाऊ लागला. तो २००८ मध्ये संपुष्टात आला. इंटरनेटवरून स्वस्त कॉल सर्वांना खुले झाले असते तर ही भरपाई आणखी आधीच आटली असती. राधानगरीसारख्या तालुक्यातील तार टिकविणारी व्यवस्था आणि शहरी ग्राहकाला स्वस्त पर्याय नाकारणारी व्यवस्था एकच होती, हा मुद्दा दूरसंचाराच्या उदारीकरणावरील चर्चेत पुरेसा विचारात घेतला जात नाही.

५. तार तुटण्याचा काळ :

इंटरनेट फोनची वाट कायद्याने अडविली असताना लँडलाईनची जागा मोबाइलने घेतली. १ मे २००३ पासून येणारे कॉल निःशुल्क झाले. मार्च २००६ मध्ये भारत संचार निगमच्या ‘वन इंडिया’ योजनेने देशभर एक रुपया प्रतिमिनिट हा दर आणला. त्यामुळे एसटीडी या संकल्पनेचाच अर्थ संपत गेला. देशातील स्थिर दूरध्वनींची संख्या याच सुमारास पाच कोटींच्या आसपास पोहोचून उताराला लागली व २०२० पर्यंत सुमारे दोन कोटींवर आली. २०११ च्या जनगणनेत देशातील ६३.२ टक्के कुटुंबांकडे दूरध्वनी होता. त्यांतील केवळ मोबाइल असलेली ५३.२ टक्के, केवळ लँडलाईन असलेली ४ टक्के व दोन्ही असलेली ६ टक्के होती. दशकभरात झालेल्या वाढीचे श्रेय जवळजवळ पूर्णपणे बिनतारी सेवेकडे जाते.

२०११ मध्ये क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर लागू झाली. तिच्यात स्थिर दूरध्वनीचा समावेश नव्हता. तारेची सेवा बिघडल्यास ग्राहकाने क्रमांक सोडून देणे हाच मार्ग उरला. दुसरीकडे, जमिनीखालील तांब्याची केबल ओल धरून किंवा रस्त्याच्या कामात तुटून निकामी झाली की ती पुन्हा घालणे भाड्याच्या उत्पन्नात परवडत नसे. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. दुरुस्ती करणारा लाईनमन हा ग्रामीण दूरध्वनीचा खरा आधार होता व तोच विरळ झाला. या अवस्थेत फोन ‘सरेंडर’ करणाऱ्या कुटुंबाने मोबाइल पसंत केला, असे नोंदणे अपुरे आहे. तारेची देखभाल थांबविण्याचा निर्णय त्याआधीच अन्यत्र झालेला होता.

केबलच्या बाबतीतही असेच घडले. डिजिटीकरणाचा चौथा व अखेरचा टप्पा, ज्यात ग्रामीण भाग येत होता, तो मार्च २०१७ मध्ये पुरा व्हावयाचा होता. त्यामुळे सेट-टॉप बॉक्स अपरिहार्य झाला. फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धती आली. तीत पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जोडणी आकाराची कमाल मर्यादा १३० रुपये अधिक कर अशी ठेवून सशुल्क वाहिन्यांची किंमत स्वतंत्र करण्यात आली. वाहिन्या निवडण्याचे स्वातंत्र्य हा तिचा हेतू होता. मोबाइलवर स्वस्त चित्रफिती व छत्रीवर निःशुल्क वाहिन्या उपलब्ध असताना अनेक ग्राहकांना या स्वातंत्र्याचा उपयोग केबल सोडण्यासाठीच झाला.

६. फायबर : एका तारेतून तिन्ही सेवा :

यानंतरचा टप्पा या इतिहासातील सर्वांत विसंगत वाटणारा आहे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबर सुरू झाले. भारत संचार निगमने घरापर्यंत फायबर नेण्यासाठी स्थानिक केबलचालकांशी भागीदारी केली. ज्या केबलवाल्याची तार ग्राहक तोडीत होते, त्याच्याच खांबांवरून आता सरकारी कंपनीचा फोन घरात येऊ लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये देशातील स्थिर दूरध्वनी सेवेत खासगी कंपनीने भारत संचार निगमला मागे टाकले. २०२३ च्या अखेरीस देशातील स्थिर दूरध्वनींची संख्या पुन्हा तीन कोटींच्या पुढे गेली.

या फायबर जोडणीवर मिळणारा ‘लँडलाईन’ वस्तुतः इंटरनेट तंत्रानेच चालतो. आवाजाचे डिजिटल तुकड्यांत रूपांतर होते व तो माहितीच्या स्वरूपात वाहतो. दूरचित्रवाणीही त्याच तंतूतून येते. लँडलाईन, इंटरनेट फोन व केबल यांतील जी निवड अन्यत्र तीन स्वतंत्र तारांमधील होती, ती येथे एका तारेच्या मासिक योजनेत विलीन झाली. निवड करण्याची वेळ आली तेव्हा निवडावयाच्या वस्तूंमधील भेदच मावळला होता. अर्थात ज्या वाडीपर्यंत तंतू पोहोचला नाही, तिच्यासाठी मोबाइलची ‘रेंज’ हाच एकमेव आधार आहे. सेवा न पोहोचलेल्या देशातील २४,६८० गावांत फोरजी नेण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अशी गावे दूरसंचाराच्या नकाशाबाहेरच राहिली होती, याची ही शासकीय कबुलीच होय.

७. वीज, पाऊस आणि आणीबाणी :

या स्थित्यंतरात एक गुण हरवला. तांब्याच्या तारेवरील साध्या दूरध्वनीला वीज एक्सचेंजमधून, तेथील बॅटरीवरून, त्याच तारेतून मिळे. गावची वीज गेली तरी तार शाबूत असेतोवर फोन चालू राही. फायबरच्या जोडणीत प्रकाशावाटे संदेश येतो, वीज येत नाही. घरातील उपकरणाला घरचीच वीज लागते. मोबाइलच्या मनोऱ्यालाही वीज, बॅटरी किंवा डिझेल हवे.

राधानगरीत या फरकाला विशेष महत्त्व आहे. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणीपातळी पूर्ण क्षमतेस पोहोचली की ते आपोआप उघडतात. भोगावतीचे पाणी पुढे कुंभी, कासारी व तुळशी यांच्या पाण्याशी मिळून पंचगंगेत जाते. दरवाजे उघडल्याची वार्ता नदीकाठच्या गावांना वेळेवर कळणे हा जीविताचा प्रश्न असतो. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी हे पुनःपुन्हा दाखवून दिले. ज्या रात्री संदेशाची सर्वाधिक गरज असते, त्याच रात्री वीज जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

अन्य देशांनीही हा प्रश्न अनुभवला आहे. अमेरिकेत २००५ मध्ये इंटरनेट फोन कंपन्यांवर आणीबाणीच्या ९११ सेवेशी ग्राहकाला जोडण्याचे बंधन घालण्यात आले. ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारेवरील पारंपरिक दूरध्वनी सेवा डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करावयाची होती. परंतु एकाकी वृद्ध व रुग्ण यांच्या घरांतील, फोनच्या तारेवर चालणाऱ्या मदतयंत्रणांचा प्रश्न पुढे आल्याने ही मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली. तेथे तार काढण्यापूर्वी चर्चा झाली. भारतातील ग्रामीण भागात तार निकामी होत गेली आणि चर्चेचा प्रसंगच आला नाही.

निष्कर्ष :

१. राधानगरी तालुक्यातील घरगुती दूरसंचाराच्या प्रत्येक टप्प्यावर कुटुंबाची निवड ही भूरचना, परवाना पद्धती व देखभालीचे धोरण यांनी आधीच आखून दिलेल्या चौकटीत झाली. नदीकाठचे गाव व डोंगरावरील वाडी यांना एकाच काळात एकसारखे पर्याय कधीच मिळाले नाहीत.

२. इंटरनेट फोनवरील २००२ ते २०१८ या काळातील निर्बंधांमुळे लँडलाईनचा वारस मोबाइल ठरला. त्या निर्बंधांनी ग्रामीण तारेला काही काळ आर्थिक आधार दिला, परंतु मिळालेल्या अवधीत ती तार टिकाऊ करण्याचे काम झाले नाही.

३. सार्वत्रिक सेवा निधी एप्रिल २००२ पासून अस्तित्वात आला. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने त्यास ‘डिजिटल भारत निधी’ हे नवे रूप दिले. जोडणी पोहोचविणे एवढाच सार्वत्रिक सेवेचा अर्थ न घेता आणीबाणीत ती चालू राहणे, हाही त्या संकल्पनेचा भाग मानला जावा. धरणाखालील व अतिवृष्टीच्या गावांत ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र व शाळा येथील जोडण्यांना स्वतंत्र बॅटरीचा आधार देणे हे त्या दिशेने पहिले पाऊल ठरेल.

४. कुटुंबाच्या पातळीवर लँडलाईन, फायबर व मोबाइल यांची तुलना केवळ मासिक खर्चावर करणे पुरेसे नाही. वीज गेल्यावर कोणती सेवा किती तास चालते आणि बिघाड झाल्यास तो दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणावर आहे, हे दोन प्रश्न खर्चाइतकेच महत्त्वाचे आहेत.

५. जुन्या दूरध्वनी निर्देशिका, अनामत रकमेच्या पावत्या, एसटीडी बूथची वहीखाती व केबलचालकांच्या वसुलीच्या वह्या ही स्थानिक इतिहासाची साधने आहेत. तारेबरोबर तीही झपाट्याने नाहीशी होत आहेत. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी ती संकलित केल्यास गावागावांतील संपर्काचा इतिहास लिहिता येईल.

राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी सुरू केले तेव्हा त्याचा लाभ कोणास व केव्हा होईल याचा हिशेब एका पिढीच्या महसुलापुरता ठेवला नव्हता. डोंगरातील शेवटच्या घरापर्यंत संदेश नेणारी तार हीदेखील त्याच प्रकारची सार्वजनिक मालमत्ता होती. तिचा हिशेब मासिक भाड्यापुरता राहिला, म्हणून ती टिकली नाही. तिच्या जागी येणाऱ्या तंतूचा हिशेब तरी अधिक दूरदृष्टीने मांडला जावा, हीच या इतिहासाची शिकवण होय.